अपघात जन्माचा, अपघात कुळाचा

‘जन्मसिद्ध हक्क’ हा शब्दप्रयोग टिळकांनी मराठी माणसाच्या जिभेवर ठेवला. वापरून वापरून तो आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातल्या ‘जन्म’ या शब्दापाशी कोणी थांबत नाही. जन्माने काय सिद्ध होते? जिथे जन्मलो ती भूमी सिद्ध होते, की ज्यांच्या पोटी जन्मलो ते कूळ सिद्ध होते? प्रश्न व्याकरणाचा वाटतो. पण गेली दीडशे वर्षे जगातल्या अनेक देशांत याच प्रश्नावर माणसांचे आयुष्य ठरत आले आहे, आणि अलीकडे त्याचे उत्तर बदलून घेण्याची घाई अनेकांना झाली आहे. देशात जन्मलेले मूल देशाचे नागरिक, हा नियम राज्यघटनेतून काढून टाकावा किंवा त्याला कुंपण घालावे, अशी मागणी अमेरिकेत पुन्हा पुन्हा होते. आयर्लंडने ती २००४ मध्ये मान्य केली. डॉमिनिकन प्रजासत्ताकाने २०१० च्या नव्या घटनेत तेच केले.

ही मागणी करणाऱ्यांचा सर्वांत लाडका शब्द ‘अपघात’ हा आहे. केवळ जन्माच्या अपघाताने नागरिकत्व कसे मिळावे, असे ते विचारतात. साहित्याच्या अभ्यासकांना एखादा शब्द उचलून तो उजेडात धरण्याची सवय असते. तीच सवय वापरून आम्ही हा ‘अपघात’ तपासू पाहतो. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो: हा युक्तिवाद ज्या फांदीवर बसला आहे तीच फांदी तो तोडतो.

प्रथम अमेरिका. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, मग ते गुलाम असोत की मुक्त, अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. त्या भूमीवर ते जन्मले होते, कित्येकांचे आजे-पणजे तिथेच मातीत मिसळले होते. पण न्यायालयाने भूमी पाहिली नाही, कूळ पाहिले. या विचाराची मुळे खोल होती. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ मध्येच कायदा केला होता की मुलाची अवस्था आईच्या अवस्थेप्रमाणे ठरेल. आई दासी तर मूल दास. म्हणजे पाळण्यातले मूल आपल्या आईची बेडी घालूनच जन्मास येई. यादवी युद्ध होऊन गेल्यावर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि तिच्या पहिल्याच वाक्याने ही बेडी तोडली: अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारकक्षेत असलेल्या सर्व व्यक्ती तिच्या नागरिक आहेत. ‘सर्व व्यक्ती’ हे दोन शब्द घालणाऱ्यांनी ते विचार करून घातले होते.

याचा पुरावा त्या वेळच्या सिनेटमधल्या चर्चेत आहे. मे १८६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर एडगर कोवन यांनी आक्षेप घेतला, की या वाक्याने कॅलिफोर्नियातल्या चिन्यांची आणि आमच्याकडच्या जिप्सींची मुलेसुद्धा नागरिक होतील. हे जिप्सी कर भरत नाहीत, त्यांना जमीनजुमला नाही, आज इथे तर उद्या तिथे पाल ठोकतात, अशी त्यांची तक्रार. त्यांना उत्तर दिले कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी: होय, चिन्यांची इथे जन्मलेली मुलेही नागरिक होतील आणि तसेच व्हावे. म्हणजे ‘घटनाकारांना परकीयांची मुले अभिप्रेत नव्हती’ हा आज ऐकू येणारा दावा तेव्हाच, त्याच सभागृहात, निकालात निघाला होता. हे कॉनेस स्वतः आयर्लंडच्या गॉलवे परगण्यात जन्मलेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. आयर्लंडकडे आपल्याला पुढे जायचेच आहे.

कोवन यांची तक्रार मराठी कानांना ओळखीची वाटली असेल. रोमा लोकांची भाषा मराठीच्याच घराण्यातली, इंडो-आर्यन; पण ओळख तेवढीच नाही. कोवन बोलले त्यानंतर अवघ्या पाच वर्षांनी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि पुढे तो वाढवत नेला. जमीन नाही, गाव नाही, पाल ठोकून राहणारे, म्हणून ठरावीक जमातीत जन्मणारे मूल जन्मतःच संशयित ठरले. सोलापूरची सेटलमेंट तारेच्या कुंपणात उभी राहिली ती याच तर्कावर. बापाची नोंद पोलिसांच्या वहीत आहे, मग मुलाची का नको? हा कायदा गेला आणि १९५२ मध्ये या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण शब्द सुटला तरी संशय सुटला नाही, हे लक्ष्मण माने आणि लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथने अभ्यासक्रमात शिकवणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. ‘उपरा’ हे एका पुस्तकाचे नाव होण्याआधी तो एका जन्माचा दाखला होता.

आणखी एक धागा इथे जोडायला हवा. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. चौदाव्या दुरुस्तीला तेव्हा पाचच वर्षे झाली होती. पुण्यात बसून फुल्यांनी अमेरिकेतल्या त्या घडामोडीचा अर्थ बरोबर ताडला होता: जन्माने लादलेली अवस्था माणसे ठरवून मोडू शकतात. आमच्याकडे जे मोडायचे राहिले होते त्याच्यासाठी त्यांनी तो दाखला वापरला. न्यायालयीन नोंदीप्रमाणे त्याच १८७३ साली सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी वाँग किम आर्क याचा जन्म झाला. पुढे तो चीनला जाऊन परतला तेव्हा १८९५ मध्ये त्याला बंदरावर अडवण्यात आले. त्याच्या आईबापांना तिथल्या कायद्याने कधीच नागरिक होता येत नव्हते. तरीही १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला, की तो जन्माने अमेरिकेचा नागरिक आहे. चिन्यांचा द्वेष शिगेला पोहोचलेला असताना, चिन्यांना देशबंदी करणारा १८८२ चा कायदा लागू असताना हा निकाल आला. घटनेतले वाक्य लोकमताच्या आवाक्याबाहेर ठेवण्याचा उपयोग असा असतो.

आता ‘अपघात’. जन्म कुठे होतो हा अपघात आहे, हे मान्य. पण जन्मभूमीऐवजी आईबापांचे नागरिकत्व कसोटी म्हणून आणले, तर अपघात संपतो काय? आईबाप निवडून कोणी जन्मास येते काय? पुण्यातल्या सुखवस्तू घरात जन्मलेल्या बाळाने त्या घराची पात्रता कोणती परीक्षा देऊन मिळवली? भूमीचा अपघात नको म्हणणारे कुळाचा अपघात मात्र हक्क म्हणून मागतात. दोन अपघातांतून एक निवडायचाच असेल, तर तो समतेच्या बाजूचा निवडावा. एकाच इस्पितळात, एकाच रात्री जन्मलेल्या दोन बाळांना भूमीचा नियम सारखे लेखतो. कुळाचा नियम त्यांना पाळण्यातच दोन रांगांत उभे करतो. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचे शास्त्र हजारो वर्षे घोटवले, त्या समाजातल्या आम्हांला या दोन रांगा कुठे जातात हे वेगळे शिकण्याची गरज पडू नये.

अपघाताचा युक्तिवाद करणाऱ्यांची दुसरी, अधिक विद्वान फळी आहे. येल विद्यापीठाचे पीटर शुक आणि रॉजर्स स्मिथ यांनी १९८५ मध्ये असे मांडले की राजकीय समाज परस्पर संमतीवर उभा असतो. ज्यांना देशाने येऊ दिलेच नाही त्यांच्या मुलांना देशाची संमती आहे असे कसे म्हणावे? मुद्दा वजनदार आहे आणि त्याला हसून उडवणे योग्य नाही. पण त्यातली संमती एकाच बाजूला का शोधली जाते? नागरिकाच्या घरी मूल जन्मते तेव्हाही देशाची संमती कोणी विचारत नाही, आणि मुलाची तर नाहीच. तिथे संमती गृहीत धरली जाते, कारण मूल ‘आपले’ असते. म्हणजे संमतीच्या तत्त्वाखाली आधीच एक ‘आपलेपण’ लपलेले आहे, आणि ते आपलेपण रक्ताचे आहे. शिवाय देशाची संमती कशातून दिसते? तिच्या घटनेतून. अमेरिकेने ती संमती १८६८ मध्ये लेखी दिली आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: या नियमामुळे बेकायदा येणाऱ्यांना आमिष मिळते, मूल जन्मले की आईबापांचे पाय रोवले जातात. मुलाला ‘नांगर’ म्हणणारा एक हिणकस शब्द अमेरिकेत यातूनच रूढ झाला. नांगर टाकून जहाज थांबते, तसे बाळ टाकून कुटुंब थांबते, असे ते रूपक. रूपक आकर्षक आहे आणि खोटे आहे. अमेरिकेच्या कायद्याने मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत आईबापांसाठी कायम वास्तव्याचा अर्जसुद्धा करू शकत नाही, आणि अर्ज केला तरी बेकायदा प्रवेश केलेल्यांच्या वाटेत अनेक वर्षांच्या मनाईचे अडथळे उभे असतात. एकवीस वर्षांनी पाण्यात पडणारा नांगर कोणत्या जहाजाला थांबवतो? आपल्या वर्गात रूपकाची मोडतोड करून दाखवणाऱ्या शिक्षकांनी हा नमुना जरूर घ्यावा. इथे रूपकाने एक काम चोख केले आहे: बाळाला माणसाच्या यादीतून काढून साधनाच्या यादीत घातले आहे.

आता आयर्लंड. १९९८ च्या बेलफास्ट कराराबरोबर आयर्लंडने आपल्या घटनेत लिहून घेतले, की आयर्लंड बेटावर जन्मलेल्या प्रत्येकाला आयरिश राष्ट्राचा घटक होण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. दोन समाजांमधल्या रक्तरंजित भांडणावर शोधलेला तो तोडगा होता. सहाच वर्षांनी, ११ जून २००४ रोजी, सत्तावीसाव्या घटनादुरुस्तीवर जनमत घेण्यात आले. नागरिकत्व नसलेल्या आईबापांच्या मुलांना हा हक्क आपोआप मिळू नये, अशी ती दुरुस्ती. न्यायमंत्री मायकेल मॅकडॉवेल यांनी डब्लिनच्या प्रसूतिगृहांवर परदेशी गर्भवतींचा ताण पडतो असे चित्र उभे केले. त्या प्रसूतिगृहांच्या प्रमुखांनी पुढे स्पष्ट केले, की आम्ही घटना बदला असे म्हटलेले नव्हते. पण तोवर चित्र मनांत बसले होते. सुमारे ७९ टक्के मतदारांनी बाजूने कौल दिला.

ज्या बेटावरून दुष्काळाच्या काळात लाखो माणसे जहाजे भरभरून अमेरिकेला गेली, तिथे त्यांची मुले भूमीच्या नियमाने अमेरिकन झाली, आणि ज्या बेटाच्या एका पुत्राने १८६६ मध्ये चिन्यांच्या मुलांसाठी सिनेटमध्ये तोंड उघडले, त्या बेटाचा हा कौल होता. पुढे २०१८ मध्ये आयर्लंडमध्येच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलावर, त्याने कधी न पाहिलेल्या चीनला जाण्याची वेळ आली, तेव्हा त्याच्या शाळेतली मुले, शिक्षक आणि गावकरी खवळून उठले. ‘हा तर आमचाच मुलगा’ असे लोक म्हणू लागले. २००४ मध्ये मत देताना डोळ्यांसमोर ‘लोंढा’ होता. २०१८ मध्ये समोर एक चेहरा आला. लोंढ्यावर मत देणे सोपे जाते.

बहुमताने घेतलेला निर्णय आहे, रीतसर दुरुस्ती आहे, मग तक्रार कसली, असे विचारले जाईल. रीत पाळली गेली हे आम्ही नाकारत नाही. आयर्लंडने निदान लोकांना विचारले. अमेरिकेत तो कष्टही टाळण्याचा प्रयत्न झाला. तिथे घटनादुरुस्तीला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते आणि तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. १९९६ च्या रिपब्लिकन जाहीरनाम्यापासून २०१० मध्ये सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी केलेल्या सूतोवाचापर्यंत या वाटेने कोणालाच पुढे जाता आले नव्हते. तेव्हा २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका आदेशाने ‘अधिकारकक्षेत असलेल्या’ या शब्दांचा अर्थच आकसून टाकला. खालच्या न्यायालयांनी आदेश रोखला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची सुनावणी करण्याचे मान्य केले. बेकायदा राहणारा माणूस अमेरिकेच्या अधिकारकक्षेत नसेल, तर त्याला पकडणारा पोलीस आणि शिक्षा सुनावणारा न्यायाधीश कोणत्या अधिकाराने वागतो, हा साधा प्रश्न या अर्थनिर्णयाला पुरून उरतो. पण न्यायालय शब्दांचा अर्थ लावते. शब्दच बदलू, ही घटनादुरुस्तीची मागणी न्यायालयाच्या कोणत्याही निकालाने संपत नाही. म्हणून तिचे उत्तर तत्त्वानेच द्यावे लागते. ते असे: काही गोष्टी घटनेत ठेवल्या जातात त्या बहुमताच्या हातून सुरक्षित राहाव्यात म्हणूनच. जे अजून जन्मलेले नाहीत त्यांना मत नसते. त्यांच्या वतीने घटनाच तेवढी बोलू शकते.

आणि आता आपल्या घराकडे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत नागरिकत्वाच्या कलमावर चर्चा चालली होती. या कलमाने आपल्याला फार त्रास दिला, असे मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनीच सांगितले. आक्षेप घेणाऱ्यांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते. मुंबईत काही काळापुरत्या उतरलेल्या परदेशी दांपत्याला तिथे मूल झाले तर तेही भारतीय ठरणार काय, असे उदाहरण देऊन त्यांनी म्हटले, की अशाने भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल. दुसऱ्या कोणत्या देशाचा नागरिक नसलेल्या प्रत्येक हिंदूला आणि शिखाला भारताचे नागरिकत्व मिळावे, अशी त्यांची सूचना होती. ती फेटाळली गेली. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा-महाविद्यालयांची दारे उघडून देणाऱ्या भाऊसाहेबांविषयी आमच्या मनात आदरच आहे. म्हणूनच हे सांगणे भाग आहे, की जे दार त्यांनी जातीच्या बाबतीत उघडले तेच त्यांनी या बाबतीत ओढून घेऊ पाहिले. मोठ्या माणसांच्या चुका झाकून ठेवणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

अमेरिकेप्रमाणे भूमीचा नियम कायमचा घटनेत न कोरता घटना समितीने पुढचे सारे अनुच्छेद ११ अन्वये संसदेवर सोपवले. परिणाम काय झाला? १९५५ च्या कायद्याने भारतात जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाला नागरिक मानले. १९८६ च्या दुरुस्तीने आई किंवा बाप नागरिक असण्याची अट आली. ती १ जुलै १९८७ पासून जन्मलेल्यांना लागू झाली. २००३ च्या दुरुस्तीने, ३ डिसेंबर २००४ पासून, दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, असे ठरले. एकही घटनादुरुस्ती न होता देशातला भूमीचा नियम दोन पावलांत कुळाच्या नियमाजवळ येऊन ठेपला. त्यावर मराठी साहित्यविश्वात किती लेख आले, हे वाचकांनी आपापल्या स्मरणाला विचारावे.

या बदलातली सर्वांत भयंकर गोष्ट परकीयांच्या वाट्याला येत नाही, ती आपल्याच वाट्याला येते. भूमीच्या नियमात एक जन्मदाखला पुरतो; साखळी तिथेच संपते. कुळाच्या नियमात माझे नागरिकत्व माझ्या आईबापांच्या कागदांवर, त्यांचे त्यांच्या आईबापांच्या कागदांवर टांगलेले असते. ही साखळी मागे कुठे थांबते? आसाममध्ये ती २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्री थांबवली गेली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या अंतिम सूचीतून १९,०६,६५७ माणसे बाहेर राहिली. आजोबांच्या नावातली एक वेलांटी चुकली म्हणून नातू परका ठरू शकतो, हे तेव्हा दिसले. डॉमिनिकन प्रजासत्ताकात २०१३ च्या निकालाने ही साखळी थेट १९२९ पर्यंत मागे ओढली गेली, आणि हैती वंशाची हजारो माणसे जन्मभर राहिलेल्या देशात एका दिवसात बिनदेशाची झाली. ज्याच्या घरी सातबारा, सनदा आणि वंशावळी आहेत त्याला या साखळीची धास्ती वाटत नाही. पालावर जन्मलेल्या, ऊसतोडीच्या हंगामात बांधावर जन्मलेल्या मुलाने तिची धास्ती का घेऊ नये?

शेवटचा मुद्दा जरा टोचणारा आहे. ट्रम्प यांच्या आदेशात केवळ बेकायदा आलेल्यांची मुले नव्हती. आई तात्पुरत्या परवान्यावर असेल आणि बाप नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर त्यांचेही मूल नागरिक नाही, असे त्यात म्हटले होते. म्हणजे न्यू जर्सीत, कॅलिफोर्नियात एच-वन-बी परवान्यावर राहणारे, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभे असलेले आपलेच अभियंते आणि त्यांची बाळे. आदेशाची बातमी आली तेव्हा पुण्या-मुंबईतल्या घरांत किती फोन वाजले असतील, याची कल्पना करता येते. ‘कायदा पाळून गेलेल्या आमच्या मुलांवर हा अन्याय आहे’ हे त्यांचे म्हणणे पूर्णपणे खरे आहे. पण तेच ओठ इथे घुसखोरांच्या मुलांविषयी काय बोलत होते? तिकडे भूमीचा नियम हवा आणि इकडे कुळाचा, अशी सोय तत्त्वाला परवडत नाही. एडिसनमध्ये जन्मलेल्या नातवासाठी आपण जे मागतो, ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी मुलाने १८९८ मध्ये न्यायालयातून मिळवून ठेवले आहे. त्याच्या आधी ते मुक्त झालेल्या गुलामांनी आपल्या रक्ताने विकत घेतले होते. हा वारसा आपल्याला कुळातून मिळालेला नाही. तो वापरायचा असेल, तर त्याची किंमत एवढीच आहे, की तो बारपेट्यात आणि बीडच्या उसाच्या फडातही मागितला पाहिजे.